ऐंशीच्या आत

माझं काम सोपं आहे, असं सगळे म्हणतात.
दर सोमवारी एकवीस नावं उघडायची,
कुणी तास भरलेत, कुणी नाहीत, बघायचं,
न भरलेल्यांना आधी गोड, मग जरा कडक निरोप धाडायचा.
आठवड्याला ऐंशी तास, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने.
सलग चोवीस, वर चार पेशंट सोपवायला.
सातातला एक दिवस सुट्टी, तीसुद्धा सरासरीनेच.
एकोणीस वर्षं हे रकाने तपासते आहे
डुलुथच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून पार्किंग दिसतं,
हवा स्वच्छ असली तर सरोवरही.

अँसेल्म केटुनेनचे तास कधी उशिरा येत नाहीत.
दुसऱ्या वर्षाचा सर्जन, उंच, मानेत वाकलेला.
एकोणऐंशी. साडेअठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी.
मी आधी शाळेत गणित शिकवायचे.
इतकी शहाणी उत्तरं
फक्त दुसऱ्याचं बघून लिहिलेल्या वहीत भेटायची.

बुधवारी सकाळी सहाला आला, असं नोंदीत आहे.
गुरुवारी दहाला गेला, असंही आहे.
बर्फ गुरुवारी दुपारी सुरू झाला
आणि शुक्रवारी पहाटे चारला थांबला.
साताला मी पोचले तर त्याची हिरवी गाडी
बुधवारी होती तिथेच.
खाली डांबर कोरडं, टपावर गादी.
का कोण जाणे, टेबलाच्या खणातली पट्टी घेऊन खाली गेले.
नऊ इंच.

डॉक्टर प्रॉक्टरांना सांगितलं तर हसले.
"आमच्या वेळी घड्याळच नव्हतं, वर्ना.
निवासी डॉक्टर म्हणजे निवासी. इथेच राहायचं.
थोरलीचं पहिलं पाऊल मी फोटोत पाहिलं."
हे ते दरवर्षी नव्या मुलांना सांगतात.
या वेळी सांगून झाल्यावर
कपातल्या कॉफीकडे बघत राहिले.

अँसेल्म जिन्यात सापडला, दुसऱ्या पायरीवर,
एका बुटाची नाडी बांधलेली, दुसरी हातात.
"त्याला काम म्हणू नका," म्हणाला.
"रुस्टाड पुन्हा रक्तस्रावात गेले दुपारी तीनला.
आतला एकेक टाका माझा होता, मला पाठ होता.
नव्या माणसाला नकाशा काढून देत बसायचं होतं का?
आणि खरे तास लिहिले तर ठपका माझ्यावर नाही, विभागावर.
मान्यता गेली की आम्ही एकवीस जण कुठे जायचं?"
मी उत्तर शोधत होते.
तोवर त्याचा डोळा लागला होता, नाडी हातातच.

एल्मर रुस्टाड पहाटे पाचला गेले.
खनिजाच्या धक्क्यावर अडतीस वर्षं काढलेला माणूस.
दहाच्या सुमाराला त्यांची बायको माझ्या खिडकीशी आली,
चुकून, तिला बिलांचं ऑफिस हवं होतं.
"शेवटी हात धरून बसलेला तो उंच मुलगा,
त्याचं नाव काय? पत्र लिहायचंय."
माझ्यासमोर पडद्यावर उघडंच होतं:
त्या वेळी तो उंच मुलगा घरी झोपलेला होता,
एकोणीस तास आधीच निघून गेलेला.
मी नाव कागदावर लिहून दिलं.
स्पेलिंग दोनदा तपासलं.

मग माझ्याच गाडीत घातला त्याला.
गेल्या हिवाळ्यात ब्रिगिड याच उतारावर
लाल दिव्यापाशी झोपली होती,
मागच्या ट्रकने भोंगा वाजवला म्हणून वाचली.
ते कुठल्याही रकान्यात नाही. मला ती बोलता बोलता बोलली.
अँसेल्म पहिल्या वळणालाच घोरू लागला.
त्याच्या दारात पोचले, उठवायचा धीर झाला नाही.
हीटर चालू ठेवला, रेडिओ बंद केला,
त्याच्या मांडीवरून घसरलेला हातमोजा परत ठेवला.
सव्वा तास बसले तशीच.

सोमवारी नावं उघडली. त्याचे एकोणऐंशी.
खाली माझी सही लागते.
कर्सर तिथे लुकलुकत होता,
बाहेर हिरव्या गाडीवर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती,
आणि मी पट्टी खणातून काढून
टेबलावर ठेवली,
सही करायच्या हाताजवळ.