ठराव क्रमांक सात

साखर पेठेतल्या सभेत, मल्लेशम,
तू ठराव वाचलास खणखणीत आवाजात:
संस्थेच्या पाच पेठा, प्रत्येकीची नऊ मतं,
पेठ जो जिंकेल त्याला नऊच्या नऊ,
हे आता जुनं झालं, वाटून देऊ.
कुठं? तर फक्त आमच्या पेठेत.

मी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारी बाई.
एक भोक सरकलं की मोराची मान
शेजारच्या फुलात घुसते.
मागवाल्याला ते चादर उतरल्यावर दिसतं,
मला पुठ्ठ्यावरच.

वाटणी वाईट नाही. खोटं कशाला बोलू?
माझा दीर अंबादास दर खेपेला हरतो,
त्याच्या बाजूच्या सव्वादोनशे चिठ्ठ्यांची
मोजून झाली की रद्दी.
त्या दिवशी तो चहाही घेत नाही.
त्याला चार मतं मिळावीत, मलाही वाटतं.

पण चार पेठांच्या चादरी अखंड घडीच्या
आणि आमचीच तेवढी मधोमध फाडून
टॉवेल करायचे,
याला न्याय म्हणतोस तू?
बाजारात याला कटपीस म्हणतात.

पाचही मागांवर एकाच दिवशी पुठ्ठे बदला.
पहिलं भोक मी पाडते, फुकट.
तोवर सात नंबरपुढं
माझी फुली ‘नामंजूर’वर.

अंबादास रागावलाय.
आज त्याचा डबा मीच भरला,
शेंगाचटणी जरा जास्तच घातली.
बोलला काही नाही.
डबा मात्र नेला.