बर्फ राखणारी

पहाटे पाचला तळ्यावर जाते, भोक पाडते, पट्टी सोडते.
बासष्ट सेंटिमीटर.
वहीत लिहिते: चालेल.
रात्री पडलेला भुसभुशीत थर आधी ढकलून काढायचा,
नाहीतर तोच गोधडी होतो
आणि खालचं पाणी गोठेनासं होतं.

जानेवारीत ते येतात दक्षिणेकडून,
अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या,
अजून बारसं न झालेल्या गाड्या घेऊन.
नेव्हिन त्यांतलीच, स्टुटगार्टची.
थंडीला शिव्या देते, त्या मात्र तुर्कीत.
पहिल्याच दिवशी तिनं मला स्टीअरिंगवर बसवलं.
डावी चाकं बर्फावर, उजवी डांबरावर
(डांबराखाली नळ्या, नळ्यांत गरम पाणी, तेही मीच बघते)
आणि म्हणाली, दाब.

मी दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं.
ती हसली. "हे कुणी शिकवलं?"

बाबांनी. एलोफ त्यांचं नाव.
म्हणायचे, ब्रेक म्हणजे गाय.
पिळ, सोड, पिळ, सोड.
आवळून धरलंस की लाथ.

तिनं चाक काढून दाखवलं.
आत दातेरी कडं, त्याच्यासमोर नखाएवढा कान,
दाते मोजत बसलेला.
गाडी धावते आहे आणि एकाच चाकाचे दाते
अचानक मोजायचे थांबले,
तर ते चाक फिरत नाही, घसरतंय.
मग त्या एकट्याचा ब्रेक सैल, घट्ट, सैल,
सेकंदात दहा-पंधरा वेळा.
"तुझा बाप दोनदा करत असेल," ती म्हणाली,
"तेही चौघांना एकच न्याय लावून."

सीटखाली एक डबी.
डबीत सिलिकॉनचा कण, सतत थरथरणारा;
गाडीनं गिरकी घेतली की त्याची थरथर तिरकी होते.
स्टीअरिंग सांगतं, बाईला कुठं जायचंय.
डबी सांगते, बाई कुठं चाललीय.
दोघांचं जुळलं नाही तर एकच चाक धरायचं:
नाक बाहेर निघालं तर आतलं मागचं,
शेपूट सुटली तर बाहेरचं पुढचं.

"आणि धरायला काही नसेलच, तर?"
ती हातमोजे चढवत राहिली.
"तर नाही. रबर धरेल तेवढंच.
आम्ही फक्त वाटणी करतो, गुनवोर.
भर घालत नाही."

फेब्रुवारीत वादळ झालं की रडारवर बर्फ थापला जातो.
मग ती महागडी गाडी पडद्यावर लिहिते:
मला दिसत नाही, पुसा.
मी बाहीनं तिचं नाक पुसते,
शेंबड्या नातवाचं पुसावं तसं.

बाबा सत्त्याहत्तर साली गेले, पुलाच्या अलीकडे.
रस्त्यावरच्या बर्फात दोन रेघा होत्या,
पोलिसानं चालत मोजल्या. एकतीस पावलं.
कुठंच न तुटलेल्या.
हे मी नेव्हिनला सांगितलं नाही.

मार्चमधली संध्याकाळ, कंपनीची व्हॅन, घरचा रस्ता.
खांबाला काळी पिशवी बांधलेली,
म्हणजे कळप जवळपास आहे.
मी वेग कमी केला होता. पुरेसा नव्हता.
वळणावर शिंगं, त्यामागं आणखी शिंगं.

दाबलं.
पेडल तळपायाखाली गुरगुरलं, लाथा झाडायला लागलं.
सोड, म्हणत होता पाय,
पन्नास वर्षांचं वळण पडलेला पाय,
सोड ना.
मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून
एका पायाशी भांडत होते.

एक रेनडिअर आला, दिव्याची काच चाटली.
बाकीचे सावकाश गेले.
शेवटचं पाडस मध्येच उभं राहिलं,
कान हलवले, मग तेही गेलं.
समोरचा पिवळा दिवा,
घसरणाऱ्या छोट्या गाडीचं चित्र असलेला,
लुकलुकून विझला.

मागून लाकडाचा ट्रक आला, ड्रायव्हर उतरला,
काच ठोठावून म्हणाला, काय झालं?
काही नाही, म्हणाले.
व्हॅन केव्हाची थांबली होती.
मी अजून दाबूनच धरलं होतं.