अर्धा आटा

एकतीस वर्षं मी पेठांना पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला सायकल, खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी,
आणि दिवसभर एकच ओरड:
"चावीवाले, आमच्याकडे प्रेशर नाही."

आता मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात
दंडाचा पट्टा सोडवत डॉक्टर मुजावर म्हणतात,
"खिलारेकाका, प्रेशर फार आहे."
मला हसू आलं. का, ते बाईंना कळलं नाही.

त्यांनी कागदावर नळी काढली. आत मळ, गंज.
म्हटलं, बाई, हे मला शिकवू नका.
रास्ता पेठेत खड्ड्यात उतरून
बिडाचा पाईप फोडून पाहिलाय,
करंगळी जाईना एवढा आतून भरलेला,
आणि शेजारीच जस्ताचा मुलामा दिलेली नळी, ठणठणीत.

"जस्त तुमच्यातही आहे," त्या म्हणाल्या.
"चिमूटभर. तांबं त्याहून कमी.
सेलेनियम तर सोनाराच्या काट्यालाही कळणार नाही.
गंज रक्तातही धरतो, काका. ही मंडळी त्याला अडवतात."
मग पेन खाली ठेवलं.
"पण ही लाईन लोखंडाची नाही. जिवंत आहे.
आतून पातळ अस्तर आहे, ते सैल सोडतं, आवरून घेतं.
तुमचं ऐकेनासं झालंय."

ऐकेनासं.
हा एक शब्द घेऊन दत्तवाडीपर्यंत चालत आलो.

शेवंतानं डबे बदलले.
कारळ्याची चटणी, बिनमिठाची. राजगिरा. आवळ्याचा कीस उन्हात.
पापड माळ्यावर, लोणच्याची बरणी सुनेच्या माहेरी.
मी फोन करून विचारलं, मग गोळी बंद?
बाईंनी तिथूनच दटावलं:
आवळा आवळ्याच्या जागी, गोळी गोळीच्या.

रात्री मनगटावर बोटं ठेवून पडतो.
आत कुणीतरी माझी पाळी करतंय, रजा न घेता.
नव्या पोरांना मी एवढंच शिकवायचो:
चावी झटक्यात फिरवायची नाही.
अर्धा आटा. थांब. पाण्याला पुढचं वळण कळू दे.
मग पुन्हा अर्धा.
घाईत सोडलेलं पाणी लाईन फोडतं
आणि बोल लाईनला लागतो.

काल स्कूटर लावण्यावरून देशमान्यांशी जुंपणारच होती.
शब्द दातांपर्यंत आले.
अर्धा आटा, म्हटलं स्वतःला.
ते बघतच राहिले,
मी पायरीवर बसून आवळ्याची फोड चघळत होतो.

मिठाशिवाय आवळा म्हणजे...
असो.