मंगळवारचा माल

उद्यमनगरात आमच्या फौंड्रीत
मंगळवारचा माल हमखास वाया.
पंपाची हौसिंग, तिसांतली अकरा,
वरून गुळगुळीत, पोटात भोकं.

मालक म्हणाले, भंगारवाला बदला.
दिनकर मिस्त्री म्हणाला, पोरगं नवं हाय, ते बदला.
(ते पोरगं म्हणजे मी.)
भट्टीवर लिंबू-मिरची चढली. तरी अकरा.

मग हिशेबाच्या रेहाना मुजावर
वही घेऊन खाली आल्या.
"बुधवारी हा पोरगा काय दुसरा असतो?"

कुणी बोललं नाही.
सोमवारी सुट्टी, शटर बंद.
वाळूचा ढीग तेवढा कामावर,
मोरीशेजारी दिवसभर ओल पीत.
त्यांनी मूठ वळली, लाडू वळावा तशी.
उघडली, तर तळवा ओला.

पुढच्या सोमवारी ढिगावर ताडपत्री.
मंगळवारी चारच फुटली.
"जमलं की!" मी ओरडलो.
"चार का?" त्या म्हणाल्या.

मिस्त्री स्टुलावर चढला, लिंबू काढायला.
"राहू दे.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

लिंबू अजून तिथंच आहे,
वाळून सुपारीएवढं.
वहीत त्याचाही एक रकाना आहे.