अठरा आणि चोवीस

टपालाची थैली बाकावर ठेवून
सुगंती बेठेकर म्हणाली,
"मिस्त्री, पह्यले डांबर, मंग मुरूम,
मंग काळी, मंग घोटमाळचा चढ.
चारीले एकच सायकल पायजे."

मी तिची लेडीज फ्रेम उलटी टांगली.
मधली नळी पार खाली झुकलेली,
लुगड्याला सोयीची,
पण थैली लादली की कंबर लचकायची,
पायडलचा अर्धा जोर
लोखंडच खाऊन टाकायचं.
मापं घेतली तिच्या वितीने, माझ्या नाही.
मानेपासून मागच्या एक्सलपर्यंत
तिरप्या दोन बारीक नळ्या पितळेने जोडल्या,
गार होईस्तोवर कुणाला हात लावू दिला नाही.

मडगार्ड काढलं.
काळी माती भादव्यात चाकाच्या नि चिमट्याच्या मधे शिरते
आणि लग्नात रुसलेल्या जावयासारखी बसते.
एक बोट फट होती, तीन केली.
चिमटा जरा पुढे कलता ठेवला,
मुरमाच्या उतारावर हँडल थरथरू नये.

मग दात.
पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा,
दुकानातून येते तशीच होती.
मी मागे चोवीस बसवले.
म्हटलं, आता घोटमाळ बसल्या बसल्या.

महिन्याने आली.
"अठराच लावून द्या."
"काऊन? चढत नाही?"
"चढते न, मस्त चढते.
पण चढावर मले घाई कायची?
उतरून ढकलत जातो, मोहाखाली बाया भेटतात,
कोणाचं पासबुक, कोणाचं पत्र वाचून द्या.
घाई असते वापस येतानी, डांबरावर.
दिवस बुडते, अन् तुमच्या चोवीस दातानं
पाय नुसते गरगर फिरतात,
सायकल तिथंच.
परवा नाल्यापाशी अस्वल होतं."

चाळीस वर्षं मी चढ पाहून दात ठरवले.
अंधार मोजायचं सुचलं नव्हतं.

अचलपूरच्या लेथवर हब कातून आणलं,
दोन्ही अंगाला आटे:
इकडे अठरा, तिकडे चोवीस.
चाक काढायचं, फिरवायचं, परत घालायचं.
सहा दातांचा फरक,
एक्सल पाऊण इंच सरकतो,
म्हणून मागची खाच लांब कापली.
ब्रेक मात्र अठराच्याच जागी लागतो.
"चढावर ब्रेक कोणाले पायजे," ती म्हणाली,
आणि पंधरा नंबरचा पाना
मनिऑर्डरींच्या मधे खोचून गेली.

मोहाच्या झाडाखाली जाताना एकदा, येताना एकदा
ती चाक फिरवते असं ऐकतो.
हात पुसायला फडकं देतो म्हटलं, विसरलो.

परवा घोटमाळची एक म्हातारी बाजाराला आली,
दुकानात शिरून
लेकाचं पाकीट माझ्यापुढे धरलं.
"वाचून झालं माहं," म्हणाली,
"पण हा कोपऱ्यातला काळा अंगठा
कोणाचा रे बाप्पा?"

मी नीट पाहिलं.
"चेनचा," म्हटलं.
तिने पाकीट परत घडी करून
कमरेला खोचलं.