ग्राहकाचे नाव

दर महिन्याच्या नऊ-दहा तारखेला
भद्रकालीच्या उतारावर माझी फेरी असते.
तांबट आळीतले ठोके मागे पडले
की मशिदीची भिंत लागते, पिस्ता रंगाची,
आणि त्या भिंतीला खांदा लावून
एक कबर, चार हात लांब.
वर पत्रा. पत्र्याखाली एक बल्ब.

मशिदीचं मीटर वेगळं: थ्री फेज,
पंखे, वजूखान्याची मोटर, भोंगा.
कबरीचं मात्र जुनंच, काळ्या डब्यातलं,
बदलायचं राहून गेलेलं.
चाक फिरतंय का बघायला वाकावं लागतं.
वाकलो की लोकांना वाटतं मी सलाम करतोय.
मी काही सांगत बसत नाही.

बिलावर ग्राहकाचे नाव:
पीर, मशिदीलगत.
कुण्या कारकुनानं कधी लिहिलं, देव जाणे.
खरं नाव कुणालाच ठाऊक नाही.
खोकलेवाले बाबा म्हणतात.
डांग्या खोकल्याचं पोर आणायचं,
उशाच्या दगडाला गूळ टेकवायचा,
पोरानं तो चघळायचा.
कांचन थेटे मखमलाबादहून रिक्षानं येते,
डॉक्टरचं औषध चालू ठेवून.
"दोन्ही असू द्या," म्हणते,
"कुणाचा गुण येईल, काय सांगावं."

मागल्या वर्षी हाजी इनायत कोकणींनी अर्ज दिला:
नाव बदलून ट्रस्टचं लावा,
ऑडिटवाला दर वेळी विचारतो, हे पीर कोण?
साहेबांनी नियम काढला.
मूळ ग्राहक मयत असल्यास
मृत्यूचा दाखला जोडावा.
अर्ज माझ्याच हाती परत धाडला.

नूरखाँ मुजावर मोरपिसांचा कुंचा टेकवून ऐकत होते.
"मौत कसली? बाबांनी पडदा केलाय.
आतून सगळं ऐकतात."
हाजीसाहेब म्हणाले,
"नूरखाँ, महापालिकेत पडद्याचा दाखला मिळत नाही."
दोघं हसले. मग मीही.
अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे,
त्याच्यावर चहाचा गोल डाग पडलाय.

दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या साली
गोदा पायऱ्या चढून इथवर आली होती.
चादर गेली, उदबत्तीचं घर गेलं,
डब्यात बोटभर गाळ बसला.
लाइन आल्यावर मी 'बंद' असा शेरा मारायला गेलो
तर काचेआड चाक फिरत होतं,
अगदी सावकाश,
झोपेतल्या म्हाताऱ्याच्या हातात
तसबीचे मणी सरकावेत तसं.
अकरा युनिट.
दर महिन्याला अकराच. पुरातही.

पाथर्डी फाट्याचा आमचा फ्लॅट मंदाकिनीच्या नावावर.
बाईमाणसाला स्टॅम्प ड्युटीत सूट होती,
तीही हिशेबाची पक्की.
बिल अजून तिच्याच नावानं येतं.
तिला जाऊन चार वर्षं झाली.
दाखला कपाटात आहे, साड्यांखाली,
नियम मला तोंडपाठ आहे,
आणि फॉर्म तर मीच लोकांना वाटतो.

काल रीडिंग घेता घेता विचारलं,
"नूरखाँ, पडदा फक्त पीरच करतात का हो?"
त्यांनी ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असावं.
उशाच्या दगडावरचा गुळाचा खडा उचलून
माझ्या हातावर ठेवला. "खोकता फार."
म्हटलं, धुळीचा आहे.
"धुळीचाच असतो," म्हणाले, आणि झाडायला लागले.

खायचा धीर झाला नाही. खिशात टाकला,
मशीन होतं त्याच खिशात.
दूध बाजारापर्यंत उन्हानं तो वितळला.
तेव्हापासून चारचं बटण चिकटतं.
एकदा दाबलं की चव्वेचाळीस उमटतात,
मग भर रस्त्यात थांबून
एक चार पुसावा लागतो.