पितळी पाट्या

मॅनेजरने सतरा पाट्या दिल्या, ड्रिल दिलं, यादी दिली.
जिथे कुणी नावाजलेलं राहून गेलं
त्या बंगल्याच्या भिंतीवर एकेक बसवायची.
राहून गेलं, एवढंच.
कसं राहिलं, ते पितळेत मावत नाही.

रास अल खैमाच्या या किनाऱ्यावर
तेवीस वर्षं मी त्यांचे तलाव साफ केले.
माणूस पाण्यात काय सोडतो ते मला विचारा.

नऊ नंबरात ऑलिंपिकचा पोहणारा होता.
चार वर्षांत एकदाही उतरला नाही.
संध्याकाळी काठावर बसायचा, घोट्यापर्यंत पाय बुडवून,
पाणी कुणा दुसऱ्याचं असल्यासारखा.

बावीसमध्ये पळून आलेला एक मंत्री,
दिवसासुद्धा सगळे दिवे चालू.
माझ्या डब्यातलं सुकट मागून खायचा
आणि विचारायचा, फाटकावरचा माणूस बदलला का रे?

पाच नंबरात बैरूतची गायिका.
अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो.
नवा होतो तेव्हा मी हर्णैला पत्रात लिहिलेलं,
शून्य नंबरच्या बंगल्यात एक बाई पहाटे गाते, शब्द कळत नाहीत.
तिच्या जाळीत केस अडकायचे, लांब, काळे.
मग मूठभर.
मग एका रमजानात ओंजळभर, रोज.
मग काहीच नाही.
पेपरात बातमी आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी.
मी कुणाला बोललो नव्हतो. जाळी धुऊन ठेवली होती.

सोळा पाट्या लागल्या.
सतरावी एकतीस नंबरची.
एकतीस पाडून तीन वर्षं झाली, तिथे आता गाड्या उभ्या राहतात.
तिथला म्हातारा पुस्तकं लिहायचा म्हणे.
तलावात पानं साचली तरी हाक मारायचा नाही.
एकदा मात्र खुर्ची ओढून दिली, माझं पूर्ण नाव विचारलं,
दोनदा म्हणून घेतलं, वहीत उतरवलं:
इस्हाक दाऊद बुरोंडकर.
कशाला, ते सांगितलं नाही.
पुढे ते कुठल्या भाषेत छापलं,
छापलं की खोडलं,
अल्लाला ठाऊक.

मॅनेजर म्हणाला, लाव कुठेतरी.
कुठे लावू? डांबराला स्क्रू धरत नाही.

सध्या ती पंपाच्या खोलीत आहे.
चहाचं पातेलं गरम असतं, खाली काहीतरी लागतं.
नाव काळं पडू नये म्हणून
मी ती पालथी ठेवतो.